घर क्रमांक एकशे बारा

२७ ऑक्टोबर, सोमवार

सरकारी दैनंदिनी मी चोवीस वर्षं लिहिते आहे. 'आज साडेनऊ वाजता अंगणवाडी उघडली. उपस्थिती बावीस. खिचडी शिजवली. गृहभेटी तीन.' आज डोकं फिरलं, किंवा आज आनंदाने रडू आलं, असं त्यात लिहिता येत नाही. तसला रकानाच नाही. म्हणून ही दुसरी वही. बियाण्याच्या दुकानदाराने यांना दिलेली डायरी आहे, वर कपाशीच्या बोंडाचं चित्र. हे जन्मात काही लिहिणार नाहीत, तेव्हा मीच घेतली.

आज आमच्या अंगणवाडीला पाळणाघर जोडलं गेलं. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचं मूल दिवसभर ठेवायचं, खाऊ घालायचं, झोपवायचं, आणि आईबापांकडून एक पैसा घ्यायचा नाही. सरकारने चार लोखंडी पाळणे दिले, गाद्या दिल्या, कुकर दिला, आणि पुनमला दिलं. पुनम आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. बी.ए. झालेली आहे. बोलायला कमी, कामाला जास्त. मदतनीस म्हणून केसरअक्का आहेच. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि माझं एक ऐकत नाही.

नारळ फुटला, सरपंचांनी फीत कापली, फोटो झाले. मग मॅडमनी, म्हणजे आमच्या पर्यवेक्षिकांनी, मला बाजूला घेऊन पत्र दाखवलं. १५ डिसेंबरला त्या मोजायला येणार. दहा मुलं दिसली पाहिजेत, नाहीतर मंजुरी उचलून दुसऱ्या गावाला देणार.

दहा काय, वीस येतील. ह्या पाळणाघरासाठी मी दोन वर्षं कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. मार्चमध्ये भर उन्हात सर्व्हे केला. एकशे अठ्ठ्याऐंशी घरं. प्रत्येक उंबऱ्यावर बसून विचारलं, आई कामाला जाते का, मूल कोणाजवळ राहतं, पाळणाघराची गरज आहे का. माझ्या सर्व्हेत एक घर चुकलेलं दाखवा.

कापसाच्या वेचणीला बायका सकाळी सातला जातात. तान्हं मूल वावरात निंबाला झोळी बांधून त्यात टाकतात आणि त्याच्यापाशी मोठी बहीण शाळा बुडवून बसते. मागच्या वर्षी मजुरी करणाऱ्या सुपडूच्या बाळाला लाल मुंग्या डसल्या. बोटं टम्म सुजली होती. सुपडूची नऊ वर्षांची मुलगी मला सांगत होती, "बाई, मी झोपी गयथू," आणि रडत होती. तिला रागावणार कोण? तिचं वयच झोपायचं.

जेवताना घरात सगळं सांगितलं. सून सपनाने विचारलं, "आई, किती वाजता उघडणार?" म्हटलं, दहा ते साडेपाच. ती म्हणाली, "म्हणजे आठच्या ड्युटीवाल्यांना उपयोग नाही." म्हटलं, वेड्ये, गावात आठच्या ड्युटीवर जाणारं आहे कोण! ती हसली आणि प्राचीला भरवायला लागली. प्राची माझी नात, दहा महिन्यांची. दोन दात आले आहेत आणि दोन्हींनी बोट चावते.

२८ ऑक्टोबर

उपस्थिती शून्य.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आजही शून्य. चार पाळणे ओळीने उभे आणि आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघतो आहोत. पुनम फडकं घेऊन पुसलेलंच पुसत होती.

संध्याकाळी बेबाबाईकडे गेले. बेबाबाई वेचणीच्या टोळीची मुकादम. पंधरा बायका तिच्या शब्दावर रिक्षात बसतात आणि तिच्या शब्दावर उतरतात. तिला म्हटलं, पोरं का पाठवत नाहीत तुमच्या बायका? ती कपाळावर हात मारून म्हणाली, "दहाले? ओ बाई, दहाले आमनं अर्धं वावर वेचाई जास. तवलोंग पोऱ्याले काय खिशामा ठेवू?"

मीच मूर्ख. चोवीस वर्षं गावात राहते, पहाटेपासून ह्या बायकांच्या रिक्षाचा आवाज ऐकते, आणि दहाची वेळ वाचून मान डोलावली. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कागदावर वेळ बदलणं माझ्या हातात नाही, पण साडेसात तास भरले की मी विचारणार नाही. पुनमला विचारलं, सकाळी सातला येशील? "सहाला पण येईन, बाई," म्हणाली.

३ नोव्हेंबर, सोमवार

सात ते अडीच. दोन मुलं आली! आणि दोघांनी मिळून वीस मुलांचा गोंधळ घातला.

लोखंडी पाळण्यात एक जण झोपेल तर शपथ. पुनमने गाणी म्हटली, मी खुळखुळा वाजवला. सुपडूचं बाळ रडून रडून निळं पडलं. शेवटी केसरअक्का उठली, तुळईला दोर टाकला, त्याच्या आईने सोबत दिलेल्या जुन्या साडीची झोळी केली. मी ओरडले. भिंतीवरच्या चित्रात पांढरी चादर आणि पाळणा आहे, झोळी नाही. ॲपवर फोटो टाकायचा असतो. अक्का म्हणाली, "फोटूले झोप लागस का पोऱ्याले लागस?"

तरी ते रडायचं थांबेना. साडी पेटीतली, धुतलेली होती. अक्का तशीच वेचणीच्या वावरात गेली, सुपडूच्या बायकोला म्हणाली, "धुयेल नको. कालदिन नेसेल व्हती ती कोठे शे?" त्यांच्या घरून ती घामाची, मातीची साडी आणली, तिची झोळी केली आणि बाळ दोन मिनिटांत ढिम्म. मायचा वास, दुसरं काही नाही. ट्रेनिंगच्या पुस्तकात हे पान नाही.

आता नियम केला आहे. प्रत्येक आईने पिशवीत एक नेसलेली, न धुतलेली साडी द्यायची, पिशवीवर मुलाच्या नावाची चिठ्ठी. आठवड्याने बदलायची.

घरी सांगितलं तेव्हा हे पोट धरून हसले. सपना हसली नाही. "सुतीच लागते का?" विचारत होती. "आणि गाऊन चालेल?" म्हटलं, तुला काय करायचंय! प्राचीला तर तुझी मांडी आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. सपनाने पेटीतून तिचा पांढरा ड्रेस काढून इस्त्री केली. ती लग्नाआधीपासून धुळ्याला एका दवाखान्यात नर्स होती. बाळंतपणाला सोडलं. ड्रेस दर महिन्याला बाहेर निघतो, इस्त्री होतो, परत आत जातो. म्हणाली, "कसर लागते ना, आई." टापटीप आहे पोरगी. धुळे शहरात वाढलेली असून आमची अहिराणीही तिला आता कळते.

फक्त विसरभोळी झाली आहे हल्ली. धुणं टाकताना तिची एक साडी दर वेळी मागे राहते. मी विचारलं तर "पुढच्या वेळी टाकते" म्हणते. अंगावर पाजणाऱ्या बाईचं असंच होतं.

दुपारी तिला अमळनेरहून फोन आला. कुठल्या तरी दवाखान्यातली मैत्रीण, एक जागा निघते आहे म्हणत होती. सपना परसात जाऊन बोलली. आल्यावर मी सहज म्हटलं, नोकरी काय पळून जात नाही, लेकरू मोठं होऊ दे. "हो," म्हणाली.

अमळनेरला खाजगी पाळणाघरही आहे म्हणे. तिथली फी ऐकून यांचा घास अडकला. वेचणीच्या बाईची मजुरी कमी पडेल एवढी. सपनाला ती तोंडपाठ होती, कशी कोण जाणे. मी म्हटलं, बघा, म्हणून तर सरकारने हे करायला पाहिजे. पैसेवाल्याचं लेकरू कुठेही झोपतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सहा! आणि आज शाळेच्या गुरुजींनी मला थांबवून सांगितलं, सुपडूची मुलगी आठवडाभर रोज वर्गात आहे. पाढे मागे पडलेत पण घेईल भरून. मी रस्त्यातच डोळे पुसले. आमच्या शाळेच्या भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून. लोक म्हणतील बाईला काय झालं. म्हणू देत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सातवर गाडी अडली. अजून तीन हवीत आणि महिना नाही उरला. ग्रामसभेपुढे वाचायला एक निवेदन लिहिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून सपनाला उतरवून द्यायला सांगितलं. प्राची मांडीवर, वही गुडघ्यावर, अशी बसली बिचारी.

मी सांगत गेले. 'मूल सांभाळणं ही एकट्या आईची जबाबदारी नाही, ती घराची आहे, गावाची आहे आणि सरकारची आहे. आईला कमवायचा हक्क आहे. घरच्यांनी तिच्या पायात लेकराची बेडी घालू नये.' सपनाने मध्येच विचारलं, "आई, एक वाक्य मी घालू?" आणि लिहिलं, 'जी बाई शिकली आहे तिचं शिक्षण चुलीपुढे वाया जाऊ नये, तिला कोणी निदान एकदा विचारावं.' म्हटलं, वा! ठेव की. फार चांगलं आहे. वेचणीच्या बायका शिकलेल्या नाहीत, पण ऐकायला बरं वाटतं.

ग्रामसभेत वाचलं. टाळ्या पडल्या. सरपंच म्हणाले, बाईंनी डोळे उघडले. फक्त शेवटच्या ओळीला अक्षर जरा हललेलं होतं. प्राची हात मारत असेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

टाळ्या पडल्या, पोरं नाही आली. अजून सातच.

घरोघर फिरते आहे. सगळ्या "व्हय बाई, सोमवारले लयसू" म्हणतात, चहा पाजतात, आणि सोमवारी लेकरू पुन्हा वावरात निंबाखाली. मागे हसतात की काय असं वाटतं.

एक गोष्ट मनात आली ती लिहिते, कारण ह्या वहीत खरं लिहायचं ठरवलं आहे. मला वाटलं, पुनमच्या हातचं खायला नको म्हणून तर पाठवत नसतील? वरच्या आळीतल्या दोघी-तिघी तशा आहेत. आणि त्याच्यामागून दुसरं आलं, की पुनमऐवजी दुसरी कोणी असती तर बरं झालं असतं. हे मी, जी सभांमध्ये समतेवर बोलते, तिच्या डोक्यात आलं. पुनम समोर बसून एकाला पेज भरवत होती. मला तिच्याकडे बघवेना.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बेबाबाईच्या तोंडाला कुलूप नाही. आज तिला सरळ विचारलं. आडून आडून पुनमचंही काढलं. ती फस्सकन हसली. वावरात एकाच हंड्याचं पाणी पितात म्हणे सगळ्या, आणि पुनमच्या आईनेच तिची दोन बाळंतपणं केली.

मग म्हणाली, "राग मानू नका, बाई. ज्या हाटेलना मालक सोताना डबा घरथून लयस, त्या हाटेलमा कोन जेवाले जाई? तुमनी नात कोठे शे?"

मी म्हटलं, "तिनी माय घर शे ना."

"मंग तिले घरच ऱ्हाऊ द्या. आमनाबी आमना जोडेच ऱ्हातीन."

त्यांचीही त्यांच्याजवळच राहतील म्हणे! आणि बाकीच्या सगळ्या पदराआड हसल्या. म्हणजे एवढे दिवस चहा पाजत होत्या तो ह्याचसाठी!

कमाल आहे. माझ्या घरात लेकराला बघायला माणूस आहे. सून घरात आहे. ज्याला भाकरी आहे त्याने सदावर्तात का बसायचं? दुसऱ्याची जागा कशाला अडवायची? आणि अंगणवाडीच्या बाईची नात पाळणाघरात म्हटल्यावर लोक काय म्हणतील, सुनेला घरात नकोशी झाली का? हे त्या अडाणी बाईला कोण सांगणार.

२९ नोव्हेंबर

सदावर्त हा शब्द मीच वापरला. निवेदनात मी हक्क म्हटलं होतं.

आज जेवण गेलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

मॅडम येऊन गेल्या. सात मोजली. झोळ्या बघितल्या, साडीचा वास घेऊन हसल्या. जाताना म्हणाल्या, "प्रमिलाबाई, काम चांगलं आहे, पण वर आकडा जातो, काम नाही जात."

संध्याकाळी मुलाचा, भूषणचा फोन. धुळ्याला कंपनीत आहे, शनिवारी येतो. "आई, सपनाशी बोललीस का?" कशाबद्दल, म्हटलं. तर म्हणतो, "काही नाही, तूच बघ." आजकालच्या पोरांना अर्धं वाक्य गिळायची सवय आहे. बापावर गेलाय.

६ डिसेंबर, शनिवार

पुनम आज रजेवर. सहा डिसेंबर, अमळनेरच्या कार्यक्रमाला सगळी वस्ती जाते. सात मुलं आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या. दहाच्या सुमाराला सपना प्राचीला घेऊन आपणहून आली. पदर खोचला आणि कामाला लागली. काय हात आहे पोरीचा! एकाचा ताप बघितला, एकाच्या कानातला मळ काढला, सुपडूच्या बाळाचं वजन मी चुकीचं घेत होते ते दाखवलं. प्राची सतरंजीवर बसून दुसऱ्याच्या हातातली पोळी खात होती. इतकी खूश मी तिला घरात बघितलेली नाही.

दोन वाजता बायका यायची वेळ झाली तसं मी म्हटलं, सपना, आता तुम्ही दोघी घरी जा. बेबाबाईने बघितलं असतं तर म्हणाली असती, बोलले म्हणून आणली. सपना म्हणाली, "थोडा वेळ थांबू दे ना, खेळतेय ती." मी म्हटलं, नको. ती गेली. प्राची दारापर्यंत मागे वळून वळून बघत होती.

८ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

पुनम मार्चच्या सर्व्हेचं रजिस्टर घेऊन बसली होती. सहा वर्षांखालचं लेकरू असलेलं एखादं घर राहिलंय का, पुन्हा बघू म्हणाली. घर क्रमांक वाचत होती, मी होय-नाही म्हणत होते. एकशे नऊ, एकशे दहा. मग म्हणाली, "घर क्रमांक एकशे बारा. प्राची भूषण. आई कामाला जाते का: नाही. पाळणाघराची गरज: नाही." आणि थांबली.

"अगं, ते आमचंच घर," मी म्हटलं.

"माहीत आहे, बाई. प्रत्येक घरापुढे माहिती देणाराची सही आहे, नाहीतर अंगठा. ह्याच्यापुढे तुमची सही आहे."

"मग? माझ्या घरची माहिती मला नाही?"

पुनमने वर बघितलं नाही. "सपनाताईंना विचारलं होतं का?"

मार्चचा तो दिवस मला डोळ्यासमोर दिसला. एकशे अकरा झालं, एकशे तेरा शेजारचं. मध्ये आपलंच घर. ऊन मी म्हणत होतं. आपल्या घरात काय विचारायचं, म्हणून ओट्यावर बसून मीच दोन्ही रकाने भरले आणि सही ठोकली. सपना तीन महिन्यांची बाळंतीण, आत भाकरी टाकत होती. मला पाणी तिनेच आणून दिलं. तांब्या हातात घेतला, रजिस्टर मिटलं.

एकशे अठ्ठ्याऐंशी घरांत मी उंबऱ्यावर बसून सुनांना विचारलं. सासू मध्ये बोलली तर तिला गप्प केलं, 'तिला बोलू द्या' म्हटलं. एक घर चुकलं.

मी पुनमला म्हटलं, तुझ्याबद्दलही मी मनात वाईट आणलं होतं, पोरं येत नाहीत म्हणून. ती म्हणाली, "मला तसंच वाटलं होतं, बाई. पहिल्या दिवशी मलाही तेच कारण वाटलं होतं." आणि पुढचं घर वाचलं. एकशे तेरा.

९ डिसेंबर, मंगळवार

रजिस्टर घरी आणलं. सपना परसात दाणे निवडत होती, प्राची पाटीत बसली होती. मी उंबऱ्यावर बसले, चष्मा लावला, जशी कोणाच्याही घरी बसते तशी. म्हटलं, सर्व्हे आहे. एक घर राहिलं होतं.

तिला वाटलं मी चेष्टा करते. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आईचं नाव?"

"सपना भूषण."

"शिक्षण?"

"नर्सिंगचा डिप्लोमा." आवाज बारीक झाला.

"आई कामाला जाते का?"

ती दाणे निवडायची थांबली. मग म्हणाली, "ती अमळनेरची जागा मागच्या सोमवारी भरली, आई."

मी रजिस्टरवर पेन टेकून बसले, शाईचा ठिपका मोठा होत गेला. एकदा वाटलं, बाई, मला माफ कर, म्हणावं. पण सासूला ते वाक्य कोणी शिकवलेलं नसतं. मी पुढचा रकाना वाचला, कारण तेवढंच मला येतं.

"पाळणाघराची गरज आहे का?"

सपना रडायला लागली. पदराने डोळे पुसत होती आणि तरी एकेक शब्द स्पष्ट म्हणाली. "जागा गेली तर गेली. गरज आहे. लिहा तुम्ही. आहे."

मी 'नाही' खोडलं, 'आहे' लिहिलं, आणि माझ्या सहीवर काट मारून तिची सही घेतली. मग मीही रडले. पाटीतली प्राची दोघींकडे आळीपाळीने बघून हसत होती.

हे बाहेरून आले, आमच्याकडे बघितलं आणि गुपचूप गुरं बांधायला निघून गेले.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी पावणेसातला, बायकांची रिक्षा चौकात उभी असताना, मी प्राचीला कडेवर घेऊन मधोमध चालत गेले. मुद्दामच. बेबाबाईने पान खाता खाता बघितलं.

प्राची आठवं मूल. साडेदहापर्यंत ठेवली, झोपेच्या आधी सपना घेऊन गेली, म्हणून तिच्याकडे साडीची पिशवी मागितली नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बेबाबाईची स्वतःची नात आली, आणि टोळीतल्या आणखी दोघींची. अकरा! पिशव्या खुंटीवर ओळीने टांगल्या आहेत, चिठ्ठ्यांसकट. बेबाबाई दारातून म्हणाली, "आते मालक आठेच जेवस म्हने!" मी म्हटलं, हो, इथेच. जेवस, आणि भांडीबी घासस.

१५ डिसेंबर, सोमवार

सपना साडेसातच्या एस.टी.ने अमळनेरला गेली. तीन दवाखान्यांत विचारून येते म्हणाली. पांढरा ड्रेस पिशवीत होता, लागलाच तर. मी स्टॉपवर गेले होते. तिने प्राचीचा मुका घेतला आणि बसमध्ये चढून दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसली. बरं केलं.

मॅडम अकराला आल्या आणि त्याच घडीला प्राचीची झोपेची वेळ झाली. आजवर ती झोपायला घरी जायची. आज नाही. तिने जो भोंगा लावला तो काय सांगू. एकीमुळे दुसरा उठला, दुसऱ्यामुळे चौघं. मॅडम हातात कागद घेऊन उभ्या. मी म्हटलं, माझी नात आहे, मी झोपवते. मी माझं कालचं लुगडं आणलंच होतं, त्याची झोळी केली. आजीचा वास काय वेगळा असतो? तिने झोळीतून अंग बाहेर काढून असा आक्रोश केला की माझं तोंड पडलं.

केसरअक्का म्हणाली, "आजी काय माय शे का? जाय, घर जाय, तिनी मायनी साडी लय."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी गावातून पळाले. मनात हेच, की सपनाने काल तर सगळं धुणं टाकलं, दोरीवर तिच्या साड्या मीच वाळत घातल्या, आता धुतलेलीच न्यावी लागणार. घरात शिरले. त्यांच्या खोलीचं दार ढकललं.

दारामागच्या खुंटीला पिशवी होती. कापडी, तोंड बांधलेली. वर चिठ्ठी टाचलेली होती. 'प्राची'. सपनाचं अक्षर, न हललेलं. आत तिची गुलाबी साडी, नेसून मऊ पडलेली. मी नाकाशी नेली. दूध, फोडणी आणि तिची पावडर.

चिठ्ठीचा कागद जुना होता. टाचणीच्या भोवती गंज उतरला होता.

प्राची तीन मिनिटांत झोपली. मॅडमनी अकरा मोजली, दोनदा. खाली सही केली. पाळणाघर राहिलं. पुनमने माझा हात धरला आणि केसरअक्काने सगळ्यांना चहा टाकला. सरकारी दैनंदिनीत मी लिहिलं: उपस्थिती अकरा. पर्यवेक्षिका भेट समाधानकारक.

चारच्या बसने सपना आली. एका दवाखान्यात पुढच्या महिन्यात बघू म्हणालेत, दोन ठिकाणी नाही. चप्पल काढत होती. मी विचारलं, ती पिशवी कधीपासून आहे?

"तुम्ही झोळीचं सांगितलं ना, त्याच रात्री बांधली," ती म्हणाली. "दर सोमवारी साडी बदलत होते. म्हटलं, विचारलंत तर तयार असावी."